शस्त्राचें वजन

हत्यार जितकें हलकें तितकें तें चांगलें, असा एक समज आपल्या काळांत सर्वमान्य होऊन बसला आहे. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर, प्रवाशाची वळकटी, ज्याचें ज्याचें ओझें कमी करतां आलें त्याचें त्याचें मनुष्यानें कमी केलें, आणि त्यांत कांहीं वावगें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. जातें गेलें आणि गिरणी आली तेव्हां पहांटेच्या ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे पुष्कळ निघाले. परंतु त्यांतील एकानेंही पुन्हां जातें ओढण्याची तयारी दाखविली नाहीं. श्रम कमी होणें हें सुधारणेचें एक लक्षण आहे, हें आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच कीं, जें हत्यार जीव घेण्यासाठींच घडविलें आहे, त्यालाही हाच न्याय लावावा काय? शिकारी बंदूक हलकी झाली म्हणजे ती चांगली झाली, असें म्हणतां येईल काय? आणि ‘चांगली’ हें विशेषण अशा वस्तूस लावतांना आपण तिचें कोणतें अंग तोलून पाहत असतों?

हा प्रश्न केवळ तर्कटाचा नाहीं. शिकारी रायफलींचा एक अतिहलका वर्ग गेल्या चाळीस वर्षांत पाश्चात्य देशांत रूढ झाला आहे. साधारण शिकारी रायफल साडेतीन किलोंच्या घरांत असते. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत मेल्विन फोर्ब्स नांवाच्या कारागिरानें १९८० नंतरच्या दशकांत अक्रोडाच्या लाकडाऐवजीं केव्हलार व ग्राफाइट यांच्या तंतूंचा दस्ता घडवून, पांच रत्तलांच्या आसपास भरणारी रायफल करून दाखविली. जें काम प्रथम एका कारागिराच्या हातचें होतें, तें पुढें मोठ्या कारखान्यांनीं उचललें. रेमिंग्टन कंपनीनें २००१ सालीं टायटेनियम धातूची घडण असलेली आपली ‘मॉडेल ७००’ बाजारांत आणली. तिचें वजन सव्वापांच रत्तल, म्हणजे सुमारें २.४ किलो होतें. नळी बारीक करावी, खिट्टीच्या दांड्यावर पन्हाळी कोराव्या, जेथें पोलाद केवळ संवयीनें ठेवलेलें आहे तेथून तें खरवडून काढावें, दस्ता आंतून पोकळ ठेवावा, अशा लहान लहान काटकसरींची ती बेरीज आहे. या कामांतील बुद्धि आणि चिकाटी यांचें कौतुक न करणें हा कारागिरीचा अपमान होईल.

अशा रायफलीची परीक्षा कशी करावी, याचेंही एक शास्त्र आहे. तराजूवर नुसती रायफल ठेवून भागत नाहीं. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसें यांसह तिचें जें वजन भरतें तेंच दिवसभर खांद्यावर राहावयाचें असतें. अचूकपणा मोजण्याचें माप म्हणजे कला, अर्थात् अंशाचा साठावा भाग; शंभर मीटर अंतरावर ती सुमारें २.९ सेंटिमीटर होते. वाळूच्या पिशवीवर टेकवून ओळीनें झाडलेल्या गोळ्या तेवढ्या वर्तुळांत बसल्या कीं जाहिरातदार समाधान पावतो. परंतु बारीक नळी लवकर तापते, आणि तापलेल्या नळीच्या गोळ्या फांकण्याचा संभव अधिक. म्हणून जाणता परीक्षक थंड नळीच्या पहिल्या गोळीला सर्वांत अधिक मान देतो. शिवाय पिशवीवर टेकविलेली रायफल आणि चढण चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातांतील रायफल या दोन निराळ्या वस्तु आहेत. जड रायफल आपल्या जडत्वानेंच हाताचा कंप गिळून टाकते; हलकी रायफल मात्र श्वास, नाडी आणि मनाची घाई हीं सर्व नळीच्या टोंकापर्यंत पोंचविते.

याहूनही मोठी गोष्ट धक्क्याची आहे. गोळी आणि तिच्यामागचा वायू यांचा जेवढा संवेग पुढें जातो, तेवढाच रायफलीस मागें मिळतो, हा न्यूटनचा नियम कोणत्याही कारखान्याला चुकवितां आलेला नाहीं. साडेतीन किलोंची रायफल २.३ किलोंची केली, तर त्याच काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा सुमारें दीडपट होते. म्हणजे चालतांना जें ओझें उतरलें, तें बार काढतांना खांद्यावर परत आदळतें. धक्क्याच्या भीतीनें घोडा ओढतांना डोळे मिटणारा नेमबाज हा त्या शास्त्रांतील जुना आणि परिचित रोगी आहे. अशा नेमबाजाच्या हातून जनावर मरत नाहीं, जखमी होतें. आणि पोटांत गोळी घेऊन झुडुपांत शिरलेल्या जनावराची रात्र कशी जाते, हें कोणत्याही वजनपत्रकांत लिहिलेलें नसतें. तेव्हां पहिला बोध पदार्थविज्ञानच देतें. शस्त्राचें वजन नाहींसें करतां येत नाहीं. तें एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणीं ठेवतां येतें, इतकेंच.

मग पूर्वीचीं जड शस्त्रेंच बरीं होतीं, असें म्हणावें काय? तसेंही म्हणतां येत नाहीं, आणि याचें कारण आपल्याच प्रांताच्या इतिहासांत आहे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा निघाला. इंग्रजी अमलांत हा सर्व मुलूख १८६१ सालीं स्थापन झालेल्या मध्यप्रांतांत मोडत असे. या प्रांताचीं अरण्यें आणि डोंगर पायांखालीं घातलेला जेम्स फोर्सिथ हा अधिकारी ‘मध्य हिंदुस्थानचे डोंगराळ प्रदेश’ या अर्थाच्या १८७१ सालच्या ग्रंथामुळें प्रसिद्ध आहे. पण त्यापूर्वीं, १८६३ सालीं, त्यानें शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या याच विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. जंगलांत जनावर किती दूर आहे याचा अंदाज चुकला तरी गोळी फारशी खालीं पडूं नये, यासाठीं नळी व दारू कशी असावी, याचा त्यांत त्यानें कसोशीनें विचार केला आहे. त्या काळच्या मोठ्या तोंडाच्या रायफली सहासहा, सातसात किलोंच्या असत. आणि त्या वाहत कोण असे? साहेबाच्या मागें चालणारा नोकर किंवा जवळच्या वस्तीतला गोंड. हांक्याला माणसें गांवचीं, मचाण बांधणारे हात गांवचे, जखमी वाघाच्या माघारीं गवतांत शिरण्याचा धोका पुष्कळदां गांवकऱ्याचा. साहेबाच्या वाट्याला बोटानें घोडा ओढणें आणि नंतर छायाचित्रासाठीं बसणें. शस्त्र जड होतें, पण धन्याला तें जड नव्हतें. या दृष्टीनें पाहतां, ज्यानें आपली रायफल आपल्याच खांद्यावर घेऊन डोंगर चढावा अशा हलक्या रायफलीच्या धन्यांत अधिक प्रामाणिकपणा आहे, हें कबूल केलें पाहिजे.

जिम कॉर्बेटची हकीकत या ठिकाणीं उद्‌बोधक आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं १९०७ सालीं त्यास रिग्बी कारखान्याची .२७५ ची रायफल भेट दिली, आणि तिच्या दस्त्यावरील चांदीच्या पत्र्यावर हें कारणही कोरलें. त्या काळच्या मानानें ती हलकी, सुटसुटीत रायफल होती, व पुढें कॉर्बेटच्या नांवाशीं तिचें नांव कायमचें जोडलें गेलें. परंतु ज्या पराक्रमाबद्दल ती मिळाली तो पराक्रम अर्थातच तिच्यानें झालेला नव्हता. स्वतः कॉर्बेटनें १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत सांगितलें आहे कीं, त्या वाघिणीवरचा शेवटचा बार त्यानें तहसीलदाराच्या उसन्या बंदुकीनें काढला. शस्त्राची थोरवी शस्त्रांत किती आणि तें धरणाराच्या धैर्यांत किती, याचा निवाडा या एका गोष्टींत पुरेसा झाला आहे. हाच मनुष्य पुढें रायफलीपेक्षां कॅमेऱ्याकडे अधिक वळला, हेंही विसरतां कामा नये.

आतां आपण आपल्या जिल्ह्याकडे येऊं. गोंदियाच्या एखाद्या गृहस्थाला शिकारी रायफल बाळगावयाची आहे, असें समजा. वर वर्णिलेली परदेशी अतिहलकी रायफल त्याला मिळावयाची नाहीं. सामान्य नागरिकास ती आयात करण्याची मोकळीक नाहीं. त्याच्या हातीं येईल ती बहुधा ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ची, आणि हें.३१५ चें माप लष्करी .३०३ चें काडतूस रयतेच्या हातीं पडूं नये म्हणून इंग्रजी अमदानींत हिंदुस्थानासाठीं चालू झालेलें. ती घेण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना हवा; २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनांहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. त्यांतून हा गृहस्थ नवेगांव किंवा नागझिरा यांच्या आसपास राहत असेल, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला आणखी एक गोष्ट सांगतो. अभयारण्याच्या दहा किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकानें आपलें नांव नोंदविलें पाहिजे, आणि तेथें नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवांचून मिळत नाहीं. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें, नवेगांव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. ज्या कायद्यांत मुळांत परवाना काढून कांहीं जनावरें मारण्याची वाट ठेवलेली होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली.

म्हणजे गोंदियाच्या या गृहस्थाची शिकारी रायफल ही शिकार नसलेल्या देशांतील शिकारी रायफल आहे. तिचें मूल्यमापन तो कशावरून करणार? ज्या वस्तूचें काम राहिलें नाहीं तिचा चांगलेवाईटपणा कशाशीं ताडून पाहावा? दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबांची आठवण म्हणून ती टांगली असेल, तर तिची किंमत तलवारीसारखी स्मृतीची आहे, आणि तिचें वजन पांच रत्तल कीं दहा हा प्रश्नच उरत नाहीं. परंतु सर्वांच्या बाबतींत तसें नाहीं. या जिल्ह्यांत जंगल आणि धान एकमेकांना लागून आहेत. कोहळ्यांनीं बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाण्यावर धान उभें राहतें, आणि लोंबी भरूं लागली कीं रात्रीं रानडुकरांचे कळप बांधींत उतरतात. अर्जुनी मोरगांव किंवा सडक अर्जुनीकडचा शेतकरी माळ्यावर बसून, डबे वाजवून, शेकोटी पेटवून जी रात्र काढतो, ती कोणत्याही शिकाऱ्याच्या रात्रीपेक्षां कमी कष्टाची नसते. रानडुक्कर व रोही यांपासून पिकाचा नाश होत असल्यास रीतसर परवानगीनें, वनहद्दीबाहेर, त्यांस मारण्याची तजवीज महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं केली. तेव्हां शिकारी रायफलीला येथें एक अगदीं अरुंद असें न्याय्य काम उरलें आहे, आणि तेवढ्यापुरता तिच्या गुणदोषांचा विचार करणें वायफळ नाहीं.

या ठिकाणीं आमच्या मूळ प्रश्नाचें खरें स्वरूप दिसूं लागतें. कारण याच शेतांच्या कडेला रायफलीहून पुष्कळ हलकें असें एक शस्त्र वापरलें जातें. तें म्हणजे जमिनीलगत ताणलेली आणि चोरून वीज सोडलेली तार. तिला वजन नाहीं, परवाना नाहीं, आवाज नाहीं, आणि धक्का तर मुळींच नाहीं. ती लावणारा मनुष्य घरीं जाऊन निजतो. रानडुकरासाठीं लावलेल्या तारेंत वाघ सांपडतो, बिबट सांपडतो, पहांटे शेतावर जाणारा शेजारी सांपडतो. तारेला डोळे नाहींत, म्हणून कोण आलें हें ती पाहत नाहीं. विदर्भांत अशा तारांनीं वाघही मेले आहेत आणि माणसेंही. हलकेपणा हाच जर शस्त्राचा गुण असेल, तर ही तार सर्वश्रेष्ठ शस्त्र ठरावी. तसें म्हणण्यास आपली जीभ कचरते, यावरूनच सिद्ध होतें कीं शस्त्राच्या ठिकाणीं आपण मनांतल्या मनांत आणखी कांहीं शोधत असतों. मारणारानें तेथें हजर असावें, समोर काय आहे तें पाहावें, आणि मारूं नये असें वाटलें तर थांबण्याची त्याला सवड असावी, एवढी अपेक्षा आपण शस्त्राकडून करतों. रायफल कितीही हलकी झाली तरी ही सवड तिच्यांत शिल्लक असते. तारेंत ती उरलेली नसते.

ही थांबण्याची गोष्ट आपल्या परंपरेला अनोळखी नाहीं. आदिपर्वांतील पांडु राजानें मृगरूपानें रममाण झालेल्या किंदम ऋषीवर बाण टाकला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यांतील वाद आपण सहसा लक्षपूर्वक वाचत नाहीं. पांडु राजांच्या मृगयेच्या अधिकाराचें समर्थन करतो, आणि ऋषि तो अधिकार नाकारीत नाहीं. मृग मारलास याबद्दल त्याचा आक्षेप नाहीं; त्या क्षणीं मारलास, थोडें थांबला नाहींस, याबद्दल आहे. अधिकार असूनही न थांबणें हा तेथें अपराध मानला आहे. रामायणाचा तर उगमच एका जोडीवर सुटलेल्या बाणांतून झाला. त्यांतील क्रौंच म्हणजे सारसच, असें पुष्कळ विद्वान् मानतात. आणि महाराष्ट्रांत सारसांचा मुख्य आधार आज हाच गोंदिया जिल्हा आहे. धानाच्या बांधींत आणि तलावांच्या कांठीं त्यांच्या जोड्या आजही दिसतात. आदिकवीच्या मनांत ज्या दृश्यानें शोक उत्पन्न केला, तें दृश्य घडण्यास लागणारें सर्व साहित्य येथें अजून शाबूत आहे: पक्षी आहे, पाणी आहे, शस्त्रही आहे. उणा राहावा तो फक्त निषादाचा उतावळेपणा.

येथवर वाचून नागपूर, पुणें वा मुंबई येथील आमचा वाचक समाधानानें मान डोलवील, आणि म्हणेल कीं आमच्या घरीं बंदूक नाहीं, तेव्हां हा हिशेब आम्हांस लागू नाहीं. याच समाधानाला आमची हरकत आहे. मराठींत दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणें असा एक वाक्प्रचार आहे, आणि अतिहलक्या रायफलीची ती परमावधि आहे. तींत वजन अजिबात नाहीं, आणि धक्काही दुसऱ्यालाच बसतो. वाघ जगावा असें शहरांतील सुशिक्षितास वाटतें, तें योग्यच आहे. पण त्या इच्छेचें मोल पिकानें, जनावरानें आणि प्रसंगीं घरांतील माणसानें चुकतें करणारा शेतकरी जंगलाच्या कडेला राहतो. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यांत टी-१ ही वाघीण गोळी घालून मारण्यांत आली, तेव्हां शहरांतून शोक आणि संताप उसळला, आणि तिच्या टापूंतील गांवांनीं फटाके वाजविले. तिला रात्रीं ज्या रीतीनें मारलें गेलें त्याबद्दल जे प्रश्न विचारले गेले ते रास्त होते. परंतु शोक करणारांपैकीं किती जणांनीं त्याआधींच्या दोन वर्षांत त्या गांवांत गेलेल्या बळींचीं नांवें विचारलीं होतीं? आणि फटाके वाजविणारांपैकीं किती जणांस तिच्या मागें राहिलेल्या दोन बछड्यांची आठवण झाली? दोन्ही पक्षांनीं आपल्या वाट्याचें वजन दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलें होतें.

म्हणून शस्त्राचें मूल्य करतांना आम्ही तीन वजनें पाहावीं असें सुचवितों. एक तराजूवर भरतें. तें कारखानदारानें खुशाल कमी करावें, त्यांत कोणाचें नुकसान नाहीं, उलट ज्याचें ओझें त्यानें वाहावें या न्यायाला त्याची मदतच होते. दुसरें बार निघतांना खांद्यावर येतें. तें टाळूं पाहणारानें शस्त्र हातीं घेऊं नये, कारण स्वतःचा धक्का सोसण्याची ज्याची तयारी नाहीं त्याची गोळी दुसऱ्याला विनाकारण यातना देते. तिसरें बार निघाल्यानंतर सुरू होतें. पडलेल्या जनावराजवळ जावें, त्याकडे पाहावें, जखमी असेल तर शोधून त्याचे हाल संपवावे, आणि हें काम आपण केलें असें चारचौघांत व सरकारदरबारीं सांगावें, हें तें वजन. कोणत्याही धातूनें तें उतरत नाहीं, आणि उतरलें तर शस्त्र अधिक चांगलें होत नाहीं, अधिक भयंकर होतें.

ज्याच्या घरीं रायफल आहे त्यानें तिचा अचूकपणा कलेंत मोजावा, तिची नळी स्वच्छ ठेवावी, काडतुसें कुलपांत ठेवावीं, आणि ती कधींच न वापरण्याची पाळी आली तर त्यांत आपल्या शस्त्राचा अपमान झाला असें मानूं नये. ज्याच्या घरीं ती नाहीं त्यानें निदान एवढें करावें: जंगल राखलें जावें असें म्हणतांना त्या राखण्याचा खर्च कोणाच्या शेतांतून निघतो तें विचारावें, आणि नुकसानभरपाई वेळेवर व पुरेशी मिळावी यासाठीं आपलें मत, आपली लेखणी आणि आपला कर यांचा कांहीं भाग खर्ची घालावा. माळ्यावर जागणाऱ्या माणसाची रात्र त्यानें थोडी हलकी होईल. आणि ज्याची रात्र हलकी झाली त्याला तारेंत वीज सोडण्याचें कारण उरणार नाहीं.